टेबल, मोठे, काळे, नग एक

"हो, त्यात काय!" हे तीन शब्द मी आयुष्यात चारदा उच्चारले आणि चारही वेळा तोंडघशी पडलो. पहिल्या तीन प्रसंगांबद्दल आमच्या घरात बोलायला बंदी आहे. चौथ्यांदा उच्चारले ते नातीपुढे, चहा पिताना, बिस्कीट चहात बुडवलेलं असताना. माणसाने बिस्कीट बुडालेलं असताना कोणालाही शब्द देऊ नये. सगळा जीव बिस्किटात असतो.

नात म्हणाली, "आजोबा, बाई पुढच्या सोमवारी चालल्या. मुलाकडे. कायमच्या."

बाई म्हणजे तिला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई. शिकवतात व्हायोलिन, पण त्यांचा स्वतःचा जीव पियानोवर. नऊ वर्षं नात त्यांच्या खोलीत उभी राहून व्हायोलिन वाजवते आणि बाई बसून पियानोची साथ करतात. तो पियानो मागच्याच महिन्यात विकला गेला. मुलाच्या घरात बाईंना जागा होती, पियानोला नव्हती.

"आम्हा दोघींना एकदाच लोकांसमोर वाजवायचंय," नात म्हणाली. "नऊ वर्षं नुसतं भिंतींना ऐकवलं. आपल्या सभागृहात तो पियानो आहे ना, धूळ खात पडलेला? रविवारी संध्याकाळी पाच वाजता. जास्त नाही, बावीस मिनिटं. तुम्ही बघाल?"

बिस्कीट तुटलं. मी चमच्याने ते शोधत म्हणालो, "हो, त्यात काय!"

माझ्या बोलण्याला आधार होता. आमच्या इमारतीत मला अर्जकाका म्हणतात. कोणाच्या नळाला पाणी येत नसो, कोणाचं पार्सल हरवो, कोणाला रजा हवी असो, अर्ज मी लिहितो. डावीकडे समास सोडतो, विषयाखाली रेघ मारतो आणि 'महोदय'पासून 'आपला नम्र'पर्यंत एका दमात जातो. माझ्या अर्जाला नकार आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. उत्तर आल्याचंही फारसं ऐकिवात नाही, पण तो निराळा विषय.

सोमवारी सकाळी अर्ज घेऊन सभागृहात गेलो. सभागृह म्हणजे गल्लीच्या टोकाची लांबट एकमजली इमारत. भिंती कमरेपर्यंत हिरव्या आणि वर पिवळ्या, त्यावर माजी अध्यक्षांचे फोटो. पुढे एक दार. मागेही एक आहे, पण ते मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामागे गाडलं गेलंय. व्यवस्थापकाला सगळे 'रजिस्टर' म्हणतात, अर्थात पाठीमागे. माणूस वाईट नाही. फक्त डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नाही, लिहिलेल्यावर बसतो.

त्याने अर्ज वाचला आणि परत दिला. "पियानो नाही आमच्याकडे."

मी त्याच्या खांद्यावरून व्यासपीठाकडे बोट दाखवलं. तिथे पियानो उभा होता. काळा, तीन जाडजूड पायांचा, एक बाजू पोटात घेतल्यासारखी वळलेली. वर हिरवं कापड, त्यावर पाण्याचा जग आणि अध्यक्षांची घंटी.

"मग ते काय आहे?"

"टेबल."

"टेबलाला खाली पायाने दाबायच्या पितळी पट्ट्या असतात?"

"पाय ठेवायला असतील. जुन्या पद्धतीचं आहे."

"अहो, टेबल असं एका बाजूने आत वळलेलं कुठे पाहिलंत?"

"काका, माझ्या पाहण्याला काय किंमत? हे बघा." त्याने कपाटातून जाड नोंदवही काढली, थुंकी न लावता पानं उलटली (तशी सूचनाच वर चिकटवलेली आहे) आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'टेबल, मोठे, काळे, नग एक. झाकण पक्के. तज्ज्ञ कारागिराने तपासले.' खाली तारीख, छत्तीस वर्षांपूर्वीची. तारखेशेजारी त्या तज्ज्ञ कारागिराचा अंगठा.

अंगठ्यावरून आडवी एक पांढरी चीर गेलेली होती. शाई तिथे उठलेली नव्हती.

मी माझा उजवा हात हळूच खिशात घातला.

आता सांगायलाच हवं. तेव्हा माझा सुतारकामाचा लहानसा कारखाना होता. पोरं येताजाता पियानोवर धाडधाड बोटं आपटायची आणि सभेला बोलता यायचं नाही, म्हणून तेव्हाच्या अध्यक्षांनी मला बोलावून 'झाकणं कायमची बंद करा' असं सांगितलं. मी दोन इंची आठ स्क्रू मारले, डोकी लाकडात बुडवली, वर खड्डे बुजवायची लांबी भरली, घासली आणि काळं पॉलिश केलं. आज सांगतो, भिंग घेऊन शोधलं तरी सापडू नयेत. मग तेव्हाच्या कारकुनाने वही पुढे केली. 'इथे अंगठा.' मी दिला. काय लिहिलंय ते विचारलं नाही, कारण विचारून तरी काय करणार होतो? मला वाचता येत नव्हतं. अक्षरं मी बेचाळिसाव्या वर्षी शिकलो, मुलीच्या पाटीवर, मुलगी निजली की. शिकवलं आमच्या हिने.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. मुलीला अंधुक आठवत असेल. नातीला नाही आणि इमारतीला तर नाहीच. अर्जकाकाचा अंगठा सरकारी कागदावर असावा, हे म्हणजे पोहण्याच्या मास्तराने बादलीत बुडण्यासारखं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हसून हसून तिने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली.

"स्वतःच्या स्क्रूत स्वतःच अडकलात!"

"हसतेस काय? उपाय सांग."

"उपाय एका वाक्याचा आहे. जा आणि सांगा, अंगठा माझा आहे."

"तो सोडून सांग."

"तो सोडला तर मग अर्ज करा," ती म्हणाली. "तुम्हाला हौस आहे."

मंगळवारी दुसरा अर्ज केला. विषय : टेबल उघडून पाहण्याची परवानगी मिळणेबाबत. रजिस्टरने त्यावर तिथल्या तिथे शेरा मारला : 'टेबल उघडत नसते.'

"सूर लावणाऱ्याला बोलावतो," मी म्हणालो. "तो आत बघून दाखला देईल की हा पियानो आहे."

"देऊ दे ना. पण आत बघायला उघडावं लागेल. आणि उघडायची परवानगी पियानो असेल तरच देता येईल."

"म्हणजे पियानो असल्याशिवाय उघडायचं नाही आणि उघडल्याशिवाय पियानो नाही?"

"आता कसं बरोबर समजलात!" तो मनापासून म्हणाला.

जिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांना 'अनुभवी' म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'माझा अनुभव आहे' असतं. ते सभागृह समितीवरही आहेत. म्हणाले, "माझा अनुभव आहे, वहीशी भांडू नये. टेबल भंगारात काढायचा अर्ज करा. भंगार म्हणून घरी न्या, पियानो म्हणून परत आणा."

"आणि आमच्या दारातून आत कसा न्यायचा?"

"त्याचा मला अनुभव नाही."

खालच्या वहिनींनी दार उघडूनच सल्ला दिला. "काका, ते वाद्यबिद्य लोकांना कळत नाही. त्यापेक्षा दोन नकला ठेवा आणि चहा ठेवा. चहा आहे ना?" मी म्हटलं, अजून पियानोच नाही. "ते चालेल," वहिनी म्हणाल्या, "चहाचं बघा."

बुधवारी तिसरा अर्ज. विषय : नोंद दुरुस्त करणेबाबत. मी पाठ केलेलं सगळं शब्दभांडार त्यात ओतलं. 'उपरोक्त', 'सबब', 'यथोचित' अशी भारी माणसं एका कागदावर गोळा केली. रजिस्टर खूश झाला.

"आता कसं! नोंद दुरुस्त होते. ज्याने तपासून अंगठा दिला, त्याने स्वतः समितीपुढे येऊन चूक झाली असं सांगायचं. अंगठा जुळला की झालं."

"आणि तो... नसला तर?"

"वारला असेल तर मृत्यूचा दाखला लावायचा. मग समितीला अधिकार येतो."

खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत मी स्वतःचा मृत्यूचा दाखला कसा मिळवता येईल याचा गंभीरपणे विचार केला. अनुभवींना आडून विचारलंही. ते म्हणाले, "माझा अनुभव आहे, माणूस मेलेला असेल तर पंधरा दिवस लागतात. जिवंत असेल तर जरा जास्त."

त्या संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. बाई बारीक, ताठ, बोलायला मोजक्या. चहा घेताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप चालत होती, आवाज न करता. नात समोर बसून त्या बोटांकडे बघत होती आणि मधेच मान हलवत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्या दोघी काहीतरी ऐकत होत्या.

"नाही जमलं तर राहू द्या," बाई जाताना मला म्हणाल्या. "तुम्ही फार धावपळ करताय."

धावपळ! मी तीन दिवस फक्त एका अंगठ्यापासून पळत होतो.

गुरुवारी समितीची सभा. सात सभासद, रजिस्टर, वही आणि टेबलामागे अध्यक्ष. आमच्या अध्यक्षांना बोलायची आवड आहे, असं म्हणणं म्हणजे पाण्याला ओलाव्याची आवड आहे असं म्हणण्यासारखं. त्यांनी घंटी वाजवली आणि माझा अर्ज वर धरला.

"अकरा वर्षं मी या टेबलावरून सभा चालवतोय. आणि अर्जकाका म्हणतात हा पियानो! म्हणजे अकरा वर्षं मी पियानोवरून बोललो?"

"बेसूर तर नव्हता ना?" कोणीतरी मागून म्हणालं. घंटी वाजली.

"शिवाय," अध्यक्ष म्हणाले, "उद्या हा पियानो ठरला तर मी बसू कुठे? व्यासपीठावर अध्यक्ष नुसत्या खुर्चीत, समोर काहीच नाही! लोकांना माझे गुडघे दिसतील."

यावर गुडघ्यांच्या बाजूने आणि विरुद्ध अशी पाऊण तास चर्चा झाली. शेवटी रजिस्टर उभा राहिला. "नियम साधा आहे. तो कारागीर हजर करा, नाहीतर विषय बंद."

"छत्तीस वर्षांपूर्वीचा अंगठेबहाद्दर," अध्यक्ष हसले. "अडाणी माणूस, त्याला पियानो आणि टेबल यातला फरक काय कळणार? गेलाही असेल बिचारा. विषय बंद करू या?"

त्यांनी घंटी उचलली. तेवढ्यात दाराशी नात दिसली. ती बाईंकडून परस्पर आली होती, खांद्याला व्हायोलिनची पेटी. आत काय चाललंय ते तिला कळत होतं, कारण ती पेटीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती. लहानपणी डॉक्टरच्या दारात माझा हात धरून अशीच उभी राहायची.

"त्याला फरक कळत होता," मी म्हणालो. "वाचता येत नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत?"

मी खिशातून हात काढला. सोमवारपासून तो हात जवळजवळ खिशातच होता. नातीला वाटलं होतं मला थंडी वाजते.

"शाईची गादी आणा," मी रजिस्टरला म्हणालो.

रजिस्टरने गादी आणली. अक्षरं शिकल्यापासून पहिल्यांदाच, चौतीस वर्षांनी, मी अंगठा शाईत टेकवला. थंडगार लागली. जुन्या ठशाशेजारी नवा ठसा उमटवला, आणि सातही सभासद वहीवर वाकले. अनुभवींनी चष्मा काढून भिंगासारखा धरला. तीच चीर, तशीच आडवी. सुतारकामात पटाशी निसटून झालेली जखम बरी होते, खूण कुठे जात नाही.

"माझा अनुभव आहे," अनुभवी म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. हा आमच्या इमारतीच्या इतिहासातला पहिला प्रसंग.

रजिस्टर मात्र उजळला होता. त्याच्या वहीतली एक ओळ चालत, बोलत त्याच्यासमोर आली होती. "आता दुरुस्ती लिहा काका, इथे, स्वतःच्या हाताने." मी लिहिलं : 'वरील टेबल हा पियानो आहे. चूक माझी.' आणि खाली सही केली, लपेटदार, शेवटी दोन टिंबांची. आता अंगठा ग्राह्य धरायचा की सही यावर दहा मिनिटं गेली. दोन्ही धरायचं ठरलं.

अध्यक्षांनी अटी घातल्या. एक, कार्यक्रमाआधी उद्घाटनपर भाषण. दोन, शेवटी समारोपाचं भाषण. तीन, साडेसहाला दिवे बंद, कारण तसा नियम आहे. बावीस मिनिटांच्या वादनासाठी दीड तास, आणि त्यात नेमकी ती बावीस मिनिटं कुठे बसवायची याबद्दल अट नव्हती.

घरी जाताना नात माझ्याबरोबर होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्हाला लिहिता येत नव्हतं?"

"नव्हतं."

"कोणी शिकवलं?"

"आजीने."

"मारायची?"

"कान पिळायची."

"बाई पण," ती म्हणाली आणि पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. विषय संपला. छत्तीस वर्षं मी ज्याला जपलं, त्याला तिने कोपरा ओलांडण्याएवढाच वेळ दिला. मला थोडं वाईटच वाटलं.

शुक्रवारी स्क्रू शोधायला बसलो. इथे माझ्या कारागिरीने माझा सूड घेतला. आठांपैकी एकही दिसेना. बोट फिरवलं, दिवा तिरपा धरला, टकटक करून पाहिलं. रजिस्टर शेजारी उभा राहून म्हणाला, "काम चांगलं केलं होतं हो त्या माणसाने." चार तासांत सात सापडले. आठव्यासाठी डोळे मिटले, आणि चाळिशीतला मी कुठे स्क्रू मारला असता असा विचार केला. तिथे होता.

झाकण उचललं, तर आत कागद. गठ्ठेच्या गठ्ठे. तारांवर, तारांखाली, हातोड्यांच्या मध्ये. मधल्या कोणा व्यवस्थापकाने या टेबलावर 'तक्रारी येथे द्याव्यात' अशी पाटी ठेवली होती म्हणे, आणि लोक येथे म्हणजे झाकणाच्या फटीत देत होते. पाटी गेली, सवय राहिली.

सूर लावणारा आला, आत डोकावला आणि म्हणाला, "मला पियानो सांगितला होता. हे तर पोस्ट ऑफिस आहे."

एकशे त्रेपन्न तक्रारी निघाल्या. सगळ्यांत जुनी पंख्याबद्दल होती, सगळ्यांत नवी त्याच पंख्याबद्दल. तळाशी एक कागद मिळाला, वहीतून फाडलेला, चारेघी. अक्षरं मोठी आणि एकमेकांना घाबरून लांब उभी राहिलेली. 'महोदय, दाराची कडी सैल आहे. आपोआप पडते. कोणी अडकेल. आपला नम्र.' माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. ही दुरुस्त करत होती आणि मी जीभ बाहेर काढून लिहीत होतो. त्याच्या उत्तराची मी वर्षभर वाट पाहिली होती. तो मीच बंद केलेल्या पियानोत मीच टाकला होता.

बाकीचे अर्ज रजिस्टरला दिले. तो एक खिशात ठेवला.

सूर लावणाऱ्याने दोन दिवस खपून पियानो बोलता केला. "पण अर्धा सूर खाली राहील," तो नातीला म्हणाला. "म्हाताऱ्या तारा आहेत. जास्त ओढल्या तर तुटतील."

"मग मीच खाली येते," नात म्हणाली आणि व्हायोलिनच्या खुंट्या पिळू लागली. समितीपेक्षा व्हायोलिन समजूतदार निघालं.

रविवारी पाच वाजता सभागृह भरलं होतं. पियानो ऐकायला म्हणू नका. अर्ध्या लोकांना आपल्या तक्रारींचं काय झालं ते विचारायचं होतं, आणि बाकीच्यांना अर्जकाकाचा अंगठा बघायचा होता. खालच्या वहिनींनी तर हात पुढे करायला लावला. "अय्या, खरंच की! आणि चहा कुठाय?"

सव्वापाचला अध्यक्ष उठले. पियानोच्या उघड्या झाकणावर कोपर टेकून त्यांनी संगीताचं महत्त्व सांगितलं. मग सभागृहाचं, मग स्वतःच्या अकरा वर्षांचं. पावणेसहा झाले. बाई पियानोसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, नात व्हायोलिन काखेत धरून उभी होती. दोघींची नजर घड्याळावर. मी मागच्या रांगेत मनात वजाबाकी करत होतो. सहा झाले. सहा वाजून दोन मिनिटांनी अध्यक्ष म्हणाले, "आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. मात्र त्याआधी फोटोवाला आलाय का बघतो," आणि खाली उतरून बाहेर गेले. दार त्यांच्यामागे आपटलं.

आणि आतून कडी पडली. खट्.

तेहतीस वर्षं सैल असलेली, कोणी न वाचलेली कडी. मी नातीकडे पाहिलं आणि मान हलवली. व्हायोलिन खांद्यावर गेलं.

आता संगीतातलं मला कळत नाही. एवढंच सांगतो की बाईंच्या बोटांतून तो टेबलाच्या कडेवरचा मुका आवाज बाहेर आला, आणि त्या दोघी बुधवारी काय ऐकत होत्या ते मला रविवारी ऐकू आलं. पहिला भाग संथ होता. अंगणात कोणी वाट बघत उभं असावं तसा. दुसरा सुरू झाला आणि बाहेरून दारावर थाप पडली. ठक ठक ठक. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. दोघातिघांनी ताल धरला.

रजिस्टर दाराकडे धावला. कडी खाचेत आडवी बसली होती, हलेना. तो वाकून माझ्याकडे आला. "काका! तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो ना? कडी अडकलीय! अध्यक्ष बाहेर!"

"कडी सैल आहे?" मी हळूच विचारलं.

"हो!"

"वहीत काय लिहिलंय?"

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी ओढाताण दिसली. "वहीत... 'कडी, सुस्थितीत' असं आहे."

"मग सुस्थितीत असेल," मी म्हणालो. "डोळ्यांनी दिसण्याला काय किंमत?"

तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. दोन मिनिटांनी त्याचा पाय हलायला लागला. बाहेरून थापा पडत होत्या, आत व्हायोलिन धावत होतं आणि पियानो त्याला हात देत होता. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला आणि पाय पसरून बसलो. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी शेवटचा सूर संपला. बाईंनी हात तसेच पट्ट्यांवर ठेवले, नातीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघीही लोकांकडे बघायचंच विसरल्या.

टाळ्या पडल्यावर मी उठून कडी सोडवली. अध्यक्ष लालबुंद होऊन आत आले आणि समारोपासाठी व्यासपीठावर चढले. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा साडेसहा वाजले. दिवे गेले. नियम होता.

बाई सोमवारी गेल्या. बुधवारी मला सभागृहाकडून पत्र आलं. 'नोंदवहीनुसार टेबल, मोठे, काळे, नग एक सापडत नाही. सदर टेबल शेवटचे आपण तपासले असल्याने ते पंधरा दिवसांत हजर करावे.'

ही पुन्हा भाजी निवडत होती. पुन्हा सगळी एक झाली.

मी रंधा काढला, धार लावली आणि बारा दिवसांत टेबल केलं. पुढून फळी लावून खाली पार बंद, म्हणजे अध्यक्षांचे गुडघे दिसू नयेत. दाराला नवी कडीही बसवली, अर्जाशिवाय. रजिस्टरने टेबलाभोवती एक चक्कर मारली, वहीत ओळ लिहिली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला.

'टेबल, मोठे, तपकिरी, नग एक. झाकण पक्के.'

"झाकण कुठलं?"

"आधीच्या नोंदीत होतं, म्हणून लिहिलं."

"खोडा."

त्याने खोडलं. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं, सावकाश, बोट ठेवून. तो कंटाळला. "काका, एवढं काय वाचताय? टेबलच तर आहे."

"तेव्हाही टेबलच होतं," मी म्हणालो आणि शेवटपर्यंत वाचून मग सही केली.